सहा टीव्हींचा सत्कार

बंद पडलेला टीव्ही घराबाहेर काढणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, असं मी बायकोला सांगितलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि डोक्यात काहीच नव्हतं. त्या अर्ध्या तासाचे पुढं दोन महिने झाले. त्या दोन महिन्यांत काय काय घडलं ते सगळं मला समजलं आहे, असा माझा दावा नाही. बरंच अजून समजलेलं नाही. पण माझी बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे, आणि घरातलं कुणी ती मांडेल असं दिसत नाही, म्हणून मीच मांडतो.

मी नागेंद्र हलगेकर. उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत स्टोअरकीपर आहे, सव्वीस वर्षं झाली. स्टोअरकीपरला दोन गुण लागतात. एक, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची. दोन, समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत बसायचं नाही. कामगार खिडकीशी येऊन ‘साहेब, तो बावीसचा...’ एवढं म्हणेपर्यंत मी पाना त्याच्या हातात ठेवलेला असतो. सव्वीस वर्षांत मी लोकांची किती अर्धी वाक्यं वाचवली असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही, आणि आभार तर कुणीच मानलेले नाहीत. घरीही मी तेच करतो. माझी बायको नीलम म्हणते की लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी तिचं एकही वाक्य या घरात शेवटपर्यंत गेलेलं नाही. हे खोटं आहे. टीव्ही लागला की मी गप्प असतो. तेव्हा तिनं बोलावं.

तर आमचा जुना, पोट सुटलेला टीव्ही बंद पडून चार वर्षं झाली होती. भिंतीवर नवा चपटा आला होता आणि जुना त्याच्याच खाली टेबलावर, अंगावर विणलेलं कव्हर घेऊन, बसून होता. तो मी उचलायला गेलो, तर आमची एकुलती एक मुलगी दिपाली आडवी आली.

दिपाली चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढं शिकायला बडोद्याला जायचं होतं. मला ती आमच्या फौंड्रीच्या ऑफिसात, ड्रॉइंग विभागात, पंख्याखाली बसलेली हवी होती. ड्रॉइंग ते ड्रॉइंगच, उगाच बडोद्यापर्यंत कशाला जायचं? शेवटी आमच्यात एक तह झाला होता. परीक्षेच्या प्रदर्शनात साठ मार्क पडले तर बडोदा, एकानं जरी कमी पडले तर उद्यमबाग. तह मीच केला आणि मीच मोठ्यानं वाचून दाखवला. ‘बाबा, पण मार्क म्हणजे...’ असं ती म्हणाली. ‘मार्क म्हणजे मार्क,’ असं म्हणून मी तिचं वाक्य पूर्ण केलं आणि विषय मिटला.

“बाबा, हा टाकू नका,” ती म्हणाली. “मला प्रदर्शनाला पाहिजे. आधुनिक कलेत टीव्हीचा पडदा हे एक प्रतीक आहे.”

“कशाचं?”

“तेच सांगते. पडदा म्हणजे आपण सगळे...”

“करमणुकीचं,” मी म्हणालो. “कळलं. घे.”

तिनं टीव्हीवरचं विणलेलं कव्हर काढून त्याची घडी घातली. मग म्हणाली, “असे अजून पाच पाहिजेत. बंदच पाहिजेत.”

एवढ्यात समोरचे गुंडूअण्णा आलेच. गुंडूअण्णा बस डेपोत कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यापासून बस सोडायच्या राहिल्या, म्हणून आता ते गल्लीतली माणसं वेळेवर सोडतात. त्यांना मी हकिकत सांगितली.

“कशाचं परतीक म्हनलास?”

“करमणुकीचं.”

“बंद टीव्ही? बंद टीव्हीत कसली रं करमणूक?” असं म्हणून त्यांनी टीव्हीवर दोन टिचक्या मारल्या. “आनी नुसतं ठिवून चालायचं न्हाय. वर एकेक रिमोट ठिव. न्हायतर लोकांस्नी कळायचं न्हाय कोन लावतंय ते.” मग घरी गेले आणि स्वतःचा जुना टीव्ही उचलून घेऊन आले. तो देताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवल्यासारखा झाला होता. “जपून रं. ह्येच्यावर लई बातम्या बघितल्यात. आता बातम्या खराब झाल्या, टीव्हीचा काय दोष न्हाय.”

उरलेले चार टीव्ही गोळा करायला मी फौंड्रीचा टेम्पो मागून घेतला. एका रविवारी दिपालीला शेजारी बसवून निपाणीला मेहुणा विक्रम याच्याकडं गेलो. त्याचा तंबाखूचा व्यापार आहे आणि त्याच्या घरात शिरलं की मला पहिल्या दहा मिनिटांत चार शिंका येतात, हे इथंच सांगून ठेवतो. त्याला पडदा हे प्रगतीचं प्रतीक आहे असं सांगितलं. परतताना संकेश्वरला मेहुणी रूपालीकडं थांबलो. तिच्या अंगणात मिरची वाळत घातली होती, तिथंही मी शिंकलो. शिंकाशिंकांमधून तिला मी कुटुंबाचं प्रतीक असं सांगितलं. आमचा फिटर शामू यानं स्वतःच्या घरचा आणून दिला आणि प्रतीक वगैरे काही विचारलं नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही. प्रत्येक ठिकाणी दिपाली ‘खरं म्हणजे तसं नाही, त्या पडद्यातनं...’ असं काहीतरी सुरू करायची. पण गाडी लावलेली असायची, जेवायचा आग्रह चाललेला असायचा. तरी मी तिची वाक्यं जमेल तशी पूर्ण केली.

खानापूरकडच्या आमच्या गावात मालुआत्या असते. बाबांची धाकटी बहीण. तिच्याकडं सहावा टीव्ही होता.

“व्हय रं नाग्या, बंद कशाला? भितीवरचा चालू घिऊन जा की,” आत्या म्हणाली.

“आत्या, बंदच पाहिजे.”

“पोरीच्या परीक्षेला बंद पडलेली वस्तू न्ह्यायची?” तिनं दिपालीकडं वळून विचारलं, “काय दावणार गं त्यात?”

“काहीच नाही आजी. तो रिकामा करायचाय, म्हणजे मग त्यातनं...”

“रिकामा!” हे मात्र आत्याचं मीच नव्हे, सगळ्या गल्लीनं ऐकलं. तिनं टीव्हीवर पदराचं टोक फिरवून धूळ पुसली, आत गेली आणि ओंजळभर तांदूळ, एक नारळ आणि हिरवा खण आणून टीव्हीच्या डोक्यावर ठेवला. “लेकीच्या हातात आपल्या घरातनं रिकामं काय जात न्हाय. डबा असू दे न्हायतर टीव्ही.” ही आमच्याकडची रीतच आहे. शेजारणीचा डबा परत करताना आत निदान चार बोरं तरी टाकतात. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. तेव्हा वाटायला पाहिजे होतं.

मग शामूनं फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये सहाही टीव्ही उघडले. काचेची नळी काढली, तारा काढल्या, मागचं झाकण काढलं. उरल्या सहा पोकळ चौकटी, इकडून तिकडं आरपार. पडद्याचं प्रतीक दाखवायचं आणि आधी पडदाच काढून टाकायचा, हे पाहून मी दिपालीला स्पष्टच विचारलं.

“बाबा, पडदा काढला की पलीकडचं...”

“हवा खेळती राहते,” मी म्हणालो.

ती फक्त एवढंच म्हणाली, “आत काही ठेवायचं नाही. काहीही.” हे वाक्य छोटं होतं म्हणून मी पूर्ण ऐकलं. पूर्ण ऐकलेलं माझ्या पक्कं लक्षात राहतं. पुढं त्यानंच घात केला.

कॉलेजचा नियम असा की प्रदर्शन कॉलेजाबाहेर, लोकांच्या जाण्यायेण्याच्या जागी लावायचं. जवळच समाजभवन होतं. त्याच्या परवानगीसाठी मी संबंधित कचेरीत गेलो. ही कुठली कचेरी ते सांगत नाही, अजून तिथं माझी कामं पडतात. कारकुनानं फॉर्म पुढं केला. त्यात कार्यक्रमाचे प्रकार छापलेले होते: लग्न, बारसं, सत्कार, प्रवचन, इतर.

“काय री अण्णा, कसला कार्यक्रम?”

“टीव्हीचं प्रदर्शन.”

“करंट किती वढणार? लाइटवाल्यांचं पत्र आणा री.”

“करंट लागत नाही. बंद आहेत.”

“मग करंट लागत न्हाय म्हणून लाइटवाल्यांचं पत्र आणा.”

मी लाइटवाल्यांकडं गेलो. ते म्हणाले, जो वीज घेतो त्याला आम्ही पत्र देतो, घेत नाही त्याला कुठल्या नियमानं देणार? वीज न घेणारे या शहरात लाखो कार्यक्रम रोज होतात, सगळ्यांना पत्र द्यायचं का? त्यांचंही बरोबर होतं. मी परत आलो. कारकुनानं चहा मागवला, मला अर्धा दिला आणि म्हणाला, “बंद टीव्हीत लोक काय बघणार, सांगा बघू.”

“काही नाही.”

“काहीच इल्ल?”

“काहीच नाही.”

त्याला माझी दया आली असावी. “हे बघा. ‘इतर’ लिहिलं तर साहेबांची सही लागतीय, साहेब ट्रेनिंगला गेलेत. लग्नाला दोघांचे दाखले लागतात. बारशाला मूल. सत्काराला काय लागत न्हाय. सत्कार लिहितो.”

“कुणाचा?”

“टीव्हीचाच की. सहा टीव्हींचा सत्कार. मी स्वतः भवनाच्या फळ्यावर कन्नड आणि मराठीत लिहून घेतो, काळजी करू नका.” मी सही केली. माणूस थकला की कशावरही सही करतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही मांडणी केली. समाजभवनाच्या मधोमध लांब टेबल, त्यावर ओळीनं सहा चौकटी, आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा खुर्च्या. दिपाली कॉलेजात कागदपत्रं द्यायला निघून गेली. भवनाची किल्ली सांभाळणाऱ्या यल्लव्वा आणि मी मागं राहिलो. मी मांडणी स्टोअरकीपरच्या नजरेनं बघितली आणि मला दोन चुका दिसल्या.

पहिली म्हणजे पलीकडच्या सहा खुर्च्या. टीव्हीच्या मागं बसून कोण काय बघणार? जादा सामान. मी त्या उचलून मागच्या खोलीत एकावर एक रचल्या आणि वर ‘जादा’ अशी चिठ्ठी लावली. दुसरी चूक म्हणजे कुठला टीव्ही कुणाचा हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. लोकांनी काळजाचा तुकडा काढून दिला, आणि त्यांचं नावसुद्धा नाही? मी सहा चिठ्ठ्या कोऱ्या कार्डांवर, वळणदार अक्षरात लिहिल्या: ‘श्री. गुंडूअण्णा यांच्या घरचा’, ‘श्रीमती मालुबाई यांच्या घरचा’, असं प्रत्येकाचं नाव. शेवटची ‘श्री. नागेंद्र हलगेकर यांच्या घरचा’. चिठ्ठ्या चिकटवून मी दोन पावलं मागं सरून बघितलं. आता कुठं त्या मांडणीला अब्रू आल्यासारखं वाटलं.

सकाळी दिपाली परीक्षकांना आणायला कॉलेजात गेली. मी नीलमला घेऊन साडेदहाला समाजभवनात पोचलो, तर दाराशी चपलांचा ढीग. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘सहा टीव्हींचा सत्कार’ आणि त्याच्यावर तेच कन्नडात, खाली कुणीतरी खडूनं काढलेली कमळं.

“यल्लव्वा, कोण आलंय?”

“टीव्हीवाले आलेत की अण्णा,” यल्लव्वा म्हणाल्या. “आमचा टीव्ही आहे म्हणाले. मग मी कसं नको म्हणू?”

आत गेलो आणि दारातच थांबलो. पाच टीव्ही भरलेले होते.

मालुआत्याच्या टीव्हीत तांदळाची रास, त्यावर नारळ आणि खण. शामूच्या टीव्हीत आमच्या फौंड्रीत ओतलेलं, घासून आरशासारखं केलेलं पंपाचं बॉडी कास्टिंग, त्याला झेंडूची माळ. गुंडूअण्णांच्या टीव्हीत खुद्द गुंडूअण्णा, म्हणजे निवृत्तीच्या समारंभात फेटा बांधलेला त्यांचा फोटो. विक्रमच्या टीव्हीत तंबाखूच्या पानांची जुडी. रूपालीच्या टीव्हीत लाल संकेश्वरी मिरचीचा ढीग. सगळी मंडळी नटूनथटून खुर्च्यांवर बसलेली होती आणि आत्या तर गावाकडनं पहाटेच्या बसनं आलेली होती.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“काय केलंत म्हंजे?” गुंडूअण्णा उठले. “काल सांजच्याला हितं डोकावलो आनी समद्यास्नी फोन लावला. सत्कार हाय म्हनून फळ्यावर लिवलंय. नाव आमचं लावलंयस. आनी टीव्ही चारचौघांत रिकामा? लोक काय म्हनतील, ह्येंच्या घरात काय न्हाय व्हय?”

फळा मी लिहिलेला नव्हता, पण सही माझी होती. चिठ्ठ्या तर सरळ माझ्याच होत्या. पोरीनं दोन महिने जपलेलं रिकामेपण मी एका दुपारीत भरून टाकलं होतं. साठ मार्कांचं काय होणार हे मला तिथं उभ्या उभ्या दिसलं, आणि गंमत म्हणजे मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता, कारण उद्यमबाग जवळ येत होती. आनंद झाला नाही. का झाला नाही, हेही मला समजलं नाही.

“काढा सगळं,” मी म्हणालो. “दिपालीनं सांगितलंय, आत काही ठेवायचं नाही.”

कुणी हललं नाही. आत्यानं शांतपणे सहाव्या टीव्हीकडं बोट केलं. “आनी ह्यो? नाग्या, तुजाच तेवढा रिकामा?”

सगळे बघायला लागले. त्या ओळीत पाच टीव्ही भरल्या घरासारखे दिसत होते आणि शेवटी, ‘श्री. नागेंद्र हलगेकर यांच्या घरचा’ या वळणदार अक्षरांच्या वर, नुसतं भोक. सगळ्या खानदानात पोरीची आज्ञा पाळणारा मी एकटा, आणि माझीच शोभा! नीलम कानाशी पुटपुटली, “अवो, काहीतरी ठेवा की. नारळ तरी.” खरं सांगायचं तर मीही विरघळलो. नारळ कुठं तरी टेकवून उभा राहील का हे बघायला टेबलाच्या पलीकडं गेलो. खुर्ची तर मीच काढून ठेवलेली. म्हणून गुडघे टेकले आणि मागच्या बाजूनं चौकटीत डोकं घातलं.

त्याच क्षणी दार उघडलं आणि दिपाली परीक्षकांना घेऊन आत आली.

परीक्षक म्हणजे पारमिता मॅडम. मूळच्या निपाणीच्या, आता कुठल्याशा मोठ्या कॉलेजात शिकवतात. मी डोकं बाहेर काढायला लागलो तर दिपाली चौकटीशी आली. तिनं एकदा ओळीवर नजर टाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, “बाबा, आता हलू नका. बोलू नका. काहीही झालं तरी.”

हे वाक्यही छोटं होतं. मी जागच्या जागी थिजलो.

तर अशी परिस्थिती होती: गुडघे फरशीवर, डोकं टीव्हीत, माझ्या डाव्या कानाला संकेश्वरची मिरची आणि तिच्या पलीकडच्याच चौकटीत निपाणीचा तंबाखू. वर पंखा चालू. आता माझ्या नाकाबद्दल मी आधी जे सांगितलं ते आठवा.

“बोल,” मॅडम म्हणाल्या. “तुझं काम काय आहे ते सांग.”

दिपाली सरळ उभी राहिली. “मॅडम, आमच्या घरी टीव्हीसमोर आम्ही तिघं एका रांगेत बसायचो. एकाच बाजूला तोंड करून. मी बाबांशी बोलायला लागले की ते...”

‘बातम्या ऐकायचे,’ असं माझ्या तोंडात आलंच होतं. मी दात आवळले. त्याच वेळी नाकात पहिली झिणझिण झाली.

“...ते हो म्हणायचे, पण ते टीव्हीलाच हो म्हणायचे. मग टीव्ही बंद पडला. मला वाटलं, आता आम्ही एकमेकांकडं बघू. पण त्याच जागी नवा आला, आणि बंद पडलेला खाली तसाच राहिला. आम्ही दोन-दोन टीव्हींकडं तोंड करून बसायला लागलो.”

झिणझिण आता डोळ्यांपर्यंत आली होती. मी जीभ टाळूला दाबली, पायाचे अंगठे वळवले, फौंड्रीतले सगळे पाने मनात लहानापासून मोठ्यापर्यंत लावले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मुलीच्या पुढच्या वाक्यात काय आहे ते माहीत नव्हतं. आणि शिंकलो तर ते मला कधीच कळणार नव्हतं.

“म्हणून मी ते आतून रिकामे केले,” दिपाली म्हणाली. “टीव्ही मधेच राहणार. पण एका बाजूला एकजण बसणार आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि त्यातनं दिसणार ते फक्त समोरचं माणूस. बाकी मला काही नको होतं. पलीकडं खुर्च्या होत्या मॅडम. कुठं गेल्या मला माहीत नाही.”

मला माहीत होतं. मागच्या खोलीत एकावर एक, ‘जादा’ म्हणून. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. लोकांना ते मिरचीचं वाटलं आणि बरंचसं मिरचीचंच होतं.

“आणि हे भरलेले?” मॅडमनी विचारलं.

“ते मी केलेलं नाही. यांना रिकामं बघवलं नाही.”

“पाच मिनिटं देते. काढून टाक. मग मी तुझं काम बघून मार्क देईन.”

दिपालीनं त्या ओळीकडं बघितलं. मग खुर्चीवर पदर सावरून बसलेल्या मालुआत्याकडं बघितलं. मी आतून ओरडत होतो, काढ, काढून टाक, बडोदा हातचं जाईल.

“नको मॅडम,” ती म्हणाली. “त्यांनी आपापल्या घरातलं आणलंय. ते उचला म्हणून सांगायला मला येणार नाही.”

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग वाकून माझ्याकडं, अगदी नाकासमोर, बघितलं. “आणि हे? हेपण कुणी आणून ठेवलं?”

“नाही मॅडम. हे माझे बाबा.”

“कामाचा भाग आहेत?”

दिपाली दुसऱ्या बाजूनं वाकली. हातभर अंतरावरून, मधे काहीही नसताना, मी माझ्या मुलीचा चेहरा बघितला. तिच्या उजव्या भुवईत एक बारीक खूण आहे. ती कशाची, मला माहीत नव्हतं.

“आज आहेत,” ती म्हणाली.

वाक्य संपलं याची मी खात्री करून घेतली. मग शिंकलो.

सव्वीस वर्षांची साठवण असावी तशी ती शिंक होती. चौकट उडाली, रूपालीची मिरची टेबलभर आणि तिथून पंख्याखाली पसरली, गुंडूअण्णांचा फोटो तोंडावर पडला. मग शामू शिंकला, विक्रम शिंकला, आत्या ‘अगं आई आई’ करत दाराकडं गेली. मॅडम तोंडाला रुमाल लावून सलग नऊ वेळा शिंकल्या, हे नीलमनं मोजलं. यल्लव्वा पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. सत्कार संपला.

पंधरा दिवसांनी मार्क आले. अठ्ठावन्न. सोबत शेरा होता: ‘कल्पना स्वच्छ आहे. मांडणीवर विद्यार्थिनीचा ताबा राहिला नाही. सहाव्या चौकटीतील शिंक टाळता आली असती.’ टाळता आली नसती, हे मी कुठल्याही कचेरीत लिहून द्यायला तयार आहे. पण खुर्च्यांचं काय? त्या हलवणं मात्र मला टाळता आलं असतं.

दिपालीनं ब्रश धुऊन, पुसून, गुंडाळून ठेवले आणि सोमवारी उद्यमबागेत किती वाजता यायचं एवढंच विचारलं. त्या दिवशी संध्याकाळी मी भिंतीवरचा टीव्ही बंद केला. नीलम स्वयंपाकघरातून डोकावून लाइट गेली का बघून गेली. आमची पोकळ चौकट जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली. एक खुर्ची अलीकडं, एक पलीकडं.

“बस की गं,” मी दिपालीला म्हणालो. “आणि बोल.”

ती समोर बसली. चौकटीतून माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. एवढ्या वेळात मी स्टोअरमध्ये चाळीस माणसं उरकली असती.

“बाबा, मला...” ती म्हणाली आणि सवयीनं थांबली.

मला ते वाक्य कुठं जाणार ते चांगलं माहीत होतं. मी काही बोललो नाही.

“...दोन मार्क कमी पडले असले तरी मला बडोद्यालाच जायचंय.”

“संपलं?”

“संपलं.”

“मग जा,” मी म्हणालो. “ते दोन मार्क माझे होते.”

माझ्या डोळ्यांतून पुन्हा पाणी यायला लागलं. मी नाक पुसत आत ओरडलो, “नीलम, अगं मिरची भाजतीयास की काय?”

“अवो,” आतून आवाज आला, “मी अजून गॅस पेटवलेलाच न्हाय.”